पोळी, पोट आणि जेव्हीएलआर

२०२२ च्या पावसाळ्यात ऑफिसातल्या एका निरोप समारंभाला बाहेरून जेवण मागवलं होतं. ते खाऊन आम्हा चार-पाच जणांना जुलाब-उलट्या झाल्या. बाकीचे आठवड्याभरात बरे झाले. मीही कामावर जायला लागले, पण पोट काही पहिल्यासारखं झालं नाही. सकाळी दोन-तीनदा जावं लागायचं. संध्याकाळपर्यंत पोट इतकं फुगायचं की सलवारीची नाडी सैल करावी लागे. बेंबीभोवती कळ यायची आणि शौचाला जाऊन आलं की थांबायची.

मी पवईत राहते, आयआयटी मार्केटजवळ चैतन्यनगरात. ऑफिस अंधेरीला, सीप्झमध्ये. मधला रस्ता जेव्हीएलआर. अंतर तसं फार नाही, पण मेट्रो ६ चं काम सुरू झाल्यापासून बस कुठे अडकेल याचा नेम उरला नाही. तलावापाशी, रामबागेला, साकी विहारच्या सिग्नलला. एकदा उभी राहिली की उभीच.

त्या सप्टेंबरातल्या एका सकाळी बस तलावाच्या अलीकडे थांबली आणि मला कळ आली. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला मेट्रोचे पत्रे. उतरून जाणार कुठे? पदराला, म्हणजे ओढणीला गाठी मारत बसले. कशीबशी सीप्झच्या गेटपर्यंत पोचले. त्याहून जास्त लिहीत नाही.

त्या सकाळी मी गरम पोळी आणि साखरआंबा खाऊन निघाले होते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "माझ्या भावजयीचं असंच होतं. गहू बंद केला, सगळं थांबलं." मी त्याच रात्री गहू बंद केला.

आणि खरंच बरं वाटलं. पहिल्या आठवड्यातच पोट हलकं झालं. घरच्यांसाठी पोळ्या, माझ्यासाठी ज्वारीची भाकरी असं सकाळी दोन-दोन प्रकार करायला लागले. उठायची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आली. पण त्रास कमी होता, म्हणून त्याचं काही वाटत नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास सगळं परत सुरू झालं. पोळी तर खातच नव्हते, मग कशाने? दुधावर संशय आला. चहा कोरा केला. थोडे दिवस बरे गेले. मग तुरीच्या डाळीवर संशय. असं करत करत नव्या वर्षात मी एका लॅबचं 'फूड इन्टॉलरन्स पॅकेज' घेतलं. काही हजार रुपये भरले. घरी येऊन रक्त घेऊन गेले आणि रंगीत रिपोर्ट आला. हिरवे पदार्थ, पिवळे पदार्थ, लाल पदार्थ. लाल यादीत गहू, दूध, अंडं, तूरडाळ, शेंगदाणे. म्हणजे आमच्या घरात रोज जे जे शिजतं ते सगळं. मला तर हायसंच वाटलं. इतके दिवस जे शोधत होते ते कुणीतरी कागदावर छापून दिलं होतं.

मग उरलं काय? मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, पडवळ, उकडलेला बटाटा. उन्हाळ्यापर्यंत माझे ब्लाउज आत घ्यावे लागले. भेटणारे म्हणायचे, "छान बारीक झालीस." होळीला मी सगळ्यांसाठी पुरणपोळ्या लाटल्या आणि स्वतः भात खाल्ला. लग्नाला जाताना पर्समध्ये डबा. हळदीकुंकवाला कुणी हातावर काही ठेवलं की "नंतर खाते" म्हणून रुमालात बांधायची. पुढे पुढे कुठे जायचं ठरलं की आदल्या रात्रीपासूनच पोटात गुडगुडायचं. तव्यावर पोळी फुगल्याचा वास आला तरी आतडी हलल्यासारखी वाटायची. खाल्ली नव्हती, नुसता वास होता.

या काळात दोन-तीन गोष्टी जुळत नव्हत्या. एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी खायची. त्यात शेंगदाण्याचं कूट भरपूर, आणि शेंगदाणे तर लाल यादीत. पण एकादशीला पोट एकदम शांत. मी म्हणायचे, विठ्ठलाची कृपा. दुसरी गोष्ट कुरडईची. आमच्या सासूबाई दर उन्हाळ्यात कुरडया घालतात. गुढीपाडव्याला मी तळल्या आणि उभ्याउभ्याच तीन-चार खाल्ल्या. काही झालं नाही. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, कुरडई कशाची असते?" मी काय सांगणार? गहू तीन दिवस भिजत घालून, वाटून, चीक काढण्यात लग्न झाल्यापासून दरवर्षी मीच त्यांना मदत करत आलेय. "चीक वेगळा, आई," एवढंच बोलले.

मग त्यांनी चष्मा लावून हिंगाची डबी वाचली. बाजारात मिळतो तो बहुतेक हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि मैदा मिसळलेला असतो. म्हणजे इतके महिने रोजच्या फोडणीतून चिमूटभर मैदा माझ्या पोटात जातच होता. मी तांदळाचं पीठ घातलेला हिंग शोधून आणला. आता खरी गंमत पुढे आहे. डबी वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारणीकडे वरणाला फोडणी पडली आणि त्या वासाने मला मळमळायला लागलं. आयुष्यभर तो वास मी घेत आले होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण रात्री त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की हिला चांगल्या डॉक्टरकडे ने.

पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा मी ती रंगीत फाइल पुढे केली. त्यांनी ती उघडली नाही. पहिला प्रश्न विचारला, "गहू बंद करायच्या आधी सीलिॲकची तपासणी केली होती?" नव्हती केली. करायची असते हेच माहीत नव्हतं.

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सीलिॲक हा खरा आजार आहे. त्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते, आणि गहू, जव, राय (rye) जन्मभर बंद ठेवावे लागतात. त्याची पहिली तपासणी रक्ताची असते. टीटीजी नावाची अँटीबॉडी बघतात, गरज पडली तर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा घेतात. पण गहू बंद असेल तर अँटीबॉडी हळूहळू उतरते, आतडं भरून येतं आणि आजार असला तरी तपासणीत सापडत नाही. म्हणून आधी तपासणी, मग गहू बंद. माझा क्रम उलटा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे रोज पोळी खायची, मग रक्त द्यायचं.

ते सहा आठवडे वाईट गेले. पहिली पोळी मी ताटात ठेवून बघत बसले होते. मुलगी म्हणाली, "आई, बॉम्ब नाहीये तो." त्या रात्री पोट फुगलं, कळ आली, झोप लागली नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र काही दिवस बरे, काही वाईट असं व्हायला लागलं. गहू तर रोज सारखाच जात होता.

वजन उतरलं होतं म्हणून त्यांनी आणखीही तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शौचाची तपासणी, दुर्बीण. त्यांनी विचारलेले प्रश्न सगळ्यांनी लक्षात ठेवावेत असे आहेत. शौचातून रक्त जातं का? दुखण्याने रात्री झोपेतून जाग येते का? ताप येतो का? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का? यातलं काही असेल तर घरगुती प्रयोग करत बसू नये. माझं यातलं काही नव्हतं. वजन कमी झालं ते न खाल्ल्यामुळे. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले.

मला आनंद व्हायला हवा होता. मला दवाखान्यातच रडू आलं. एक मावससासू आधीपासून म्हणत होत्या, "सगळं मनात असतं हो." आता त्यांचंच खरं ठरणार, असं वाटलं. मी डॉक्टरांना तसं विचारलं. म्हणजे माझ्या मनाचे खेळ का?

ते म्हणाले, दुखतंय ते खरंच दुखतंय. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, दहा कोटींहून जास्त पेशींचं. मेंदूला ते व्हेगस नावाच्या मज्जातंतूने जोडलेलं असतं, आणि त्यातले बहुतेक धागे खालून वर निरोप नेणारे असतात. पोट बिघडल्याच्या साथीनंतर साधारण दहातल्या एकाचं हे जाळं हळवं होऊन बसतं. मग जो गॅस इतरांना जाणवतही नाही तो अशा माणसाला दुखतो. त्यात भीती आली की मेंदू पोटाकडे आणखी लक्ष लावून बसतो आणि आतड्याची हालचालही बदलते. याला आयबीएस म्हणतात. मोठ्या आतड्याला सूज नसते, जखम नसते, म्हणून दुर्बिणीत काही दिसत नाही. त्यांच्या शास्त्रात आता या सगळ्या दुखण्यांना आतडं आणि मेंदू यांच्या देवाणघेवाणीतले बिघाड म्हणूनच धरतात.

माझ्या सासूबाईंचे भाऊ वैद्य आहेत. त्यांना हे फोनवर सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. चिंता, शोक, भय, क्रोध असेल तर मोजून खाल्लेलं पथ्याचं अन्नही पचत नाही, असं चरकसंहितेत आहे म्हणाले. मग हे आधी का नाही सांगितलंत, असं विचारणार होते. पण मीही त्यांना कधी विचारलं नव्हतं.

लाल-हिरव्या रिपोर्टबद्दल डॉक्टरांनी एवढंच सांगितलं. त्यात आयजीजी नावाच्या अँटीबॉडी मोजतात. आपण जे नेहमी खातो त्याच्याविरुद्ध त्या निरोगी माणसातही सापडतात. म्हणून तर माझ्या लाल यादीत आमचं अख्खं स्वयंपाकघर होतं. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच अशा तपासणीवरून निदान करू नये असं जाहीर केलं होतं. खरी ॲलर्जी वेगळी. त्यात ओठ सुजतात, अंगावर पित्त उठतं, श्वास अडकतो. त्याची तपासणी वेगळी आणि घरी प्रयोग तर अजिबातच नाही.

मग त्यांनी एक अभ्यास सांगितला. तो ऐकून मी गप्प झाले. नेदरलँड्समधलं मास्ट्रिख्ट आणि इंग्लंडमधलं लीड्स इथे ८३ जणांवर झालेला. कुणालाच सीलिॲक नव्हता, पण ग्लुटेनने त्रास होतो असं ते सांगत होते. त्यांना ब्रेड दिला. काहींच्या ब्रेडमध्ये ग्लुटेन होतं, काहींच्या नव्हतं. शिवाय काहींना 'आहे' असं सांगितलं, काहींना 'नाही'. ग्लुटेन खाल्लं पण 'नाही' असं सांगितलेल्यांना, मुळात न खाल्लेल्यांपेक्षा विशेष वेगळा त्रास झाला नाही. सगळ्यात जास्त त्रास झाला तो ज्यांना 'आहे' सांगितलं आणि दिलंही त्यांना. म्हणजे नुसती समजूत नाही, नुसता गहूही नाही. दोन्ही एकत्र आले की बिनसतं.

गव्हातही ग्लुटेनशिवाय दुसरं काही असतं. फ्रुक्टान नावाची साखरेची साखळी लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू ती खातात आणि गॅस होतो. ऑस्लोमध्ये ५९ जणांना ग्लुटेनचे, फ्रुक्टानचे आणि साधे असे बार आळीपाळीने दिले, तर त्रास फ्रुक्टानने जास्त झाला. २०१८ चा अभ्यास. हेच फ्रुक्टान कांद्यात आणि लसणीत भरपूर. छोले-राजम्यात त्याच जातीची दुसरी साखर. हे ऐकलं आणि एकादशीचं कोडं सुटलं. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, जिरं. उपासाच्या ताटात कांदा नाही, लसूण नाही, गहू नाही, डाळ नाही. शिवाय एकादशीला मी सुट्टी टाकते, त्यामुळे जेव्हीएलआरही नसतो. ते तेव्हा लक्षात आलं नाही.

आहारतज्ज्ञांनी घरी एक परीक्षा करायला सांगितली. सीलिॲक आणि ॲलर्जी नाही हे कळल्यावरच करायची. दोन तऱ्हेची थालीपिठं. एक निव्वळ ज्वारीचं, एकात निम्मी कणीक. दोन्हीत मेथी, तीळ, ओवा, तिखट सारखंच, म्हणजे चवीवरून कळू नये. कांदा नाही. पीठ नवऱ्याने मळायचं, थापायचंही त्यानेच, आणि कुठल्या दिवशी कुठलं ते मुलीने चिठ्ठीवर लिहून कपाटात ठेवायचं. नवऱ्याने थापलेली थालीपिठं इतकी जाड होती की त्यानेच पोट दुखलं असतं. मी रोज रात्री पोटाचा त्रास शून्य ते दहात लिहायचा, आणि आज गहू होता की नाही याचा अंदाजही.

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा तिघं डायनिंग टेबलाशी बसलो. माझे अंदाज नाणं उडवून केले असते तितपतच बरोबर होते. त्रासाचे मोठे आकडे मात्र बहुतेक त्याच दिवशी, ज्या दिवशी मी 'गहू' असं लिहिलं होतं, मग थालीपीठ कुठलंही असो. सगळ्यात वाईट दिवस ज्वारीचा होता. त्या दिवशी सकाळी बस रामबागेला खूप वेळ अडकली होती, हेही मीच वहीत लिहून ठेवलं होतं. मुलीने वही उलटीसुलटी चाळून सांगितलं, "आई, तुला पोळीपेक्षा बस जास्त बाधते."

मी चिडले. पण वही माझ्याच अक्षरात होती.

नंतर कांदा-लसूण आणि छोल्यांचीही पारख केली. त्यात मात्र अंदाज बिंदाज काही लागलं नाही. छोले आणि कच्चा कांदा पोटभर खाल्ला की रविवारीही पोट फुगतं, मन कितीही खुशीत असो. थोडं खाल्लं तर चालतं. तेव्हा सगळं मनातच होतं असंही नाही. मावससासूंना हे मी मुद्दाम सांगितलं.

उपचार काय झाला तर डॉक्टरांनी रात्री ॲमिट्रिप्टिलीनची १० मिलिग्रॅमची गोळी दिली. औषधवाल्याने विचारलं, "झोप येत नाही का?" घरी येऊन शोधलं तर नैराश्याचं औषध. मी ते आठवडाभर उघडलंच नाही. परत जाऊन विचारलं तेव्हा ते म्हणाले, नैराश्याला याच्या कितीतरी पट मात्रा लागते, इथे ही गोळी आतड्याच्या मज्जातंतूंची चिडचिड कमी करायला आहे. इंग्लंडमध्ये आयबीएसच्या ४६३ जणांवर याची चाचणी झाली, २०२३ मध्ये ती छापून आली आणि साध्या गोळीपेक्षा हिचा गुण जास्त आला. मी घेतली. तोंड कोरडं पडायचं, सकाळी जड वाटायचं. महिनाभराने कळा कमी झाल्या. प्रत्येकाला ती चालेलच असं नाही, तेव्हा माझं वाचून कुणी दुकानातून आणू नये.

त्याहून जास्त उपयोग समुपदेशक बाईंचा झाला. मला वाटलं होतं त्या बालपण विचारतील. त्यांनी बसचा मार्ग विचारला. मी कधीपासून बस टाळून रिक्षा करत होते, निघायच्या आधी तीनदा शौचाला जाऊन बसत होते, सकाळी चहाशिवाय काही घेत नव्हते, हे त्यांनी कागदावर लिहून घेतलं. त्यांचं म्हणणं, जितकं टाळाल तितकी भीती पक्की होईल. मग पोटाने श्वास घ्यायला शिकवलं. पोटावर हात ठेवायचा, नाकाने सावकाश श्वास, हात वर आला पाहिजे, सोडताना त्याहून सावकाश. ऐकायला हे फारच साधं वाटतं आणि मला सुरुवातीला त्याची लाज वाटायची. आधी रविवारी बसने फक्त तलावापर्यंत. मग रामबागेपर्यंत. मग साकी विहार. मग कामाच्या दिवशी, पोळी खाऊन. वाटेत पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह असतं एवढं माहीत करून घेतलं. त्या म्हणाल्या, माहीत असू दे, पण दर वेळी उतरायचं नाही. एकदा तलावापाशी बस थांबली, कळ आली, मी श्वास मोजत बसले आणि कळ आपली आपण ओसरली. ऑफिसात पोचल्यावर मी कुणालाही न सांगता कॅन्टीनमधून दुधाचा चहा घेतला.

बॅगेत कपड्यांचा एक जोड अजून असतो. बाईंनी तो काढायला सांगितलाय. मी अजून काढलेला नाही.

आता गोळी बंद झाली आहे. सकाळी दोन पोळ्या खाऊन निघते. भाकरी रात्री करते, कारण ती मला आवडते. लसूण फोडणीत आख्खी घालून वर काढून ठेवते, फ्रुक्टान तेलात उतरत नाही आणि वास उतरतो. राजमा दुपारीच, वाटीभर. हिंग पुन्हा जुनाच आणते, तो स्वस्त पडतो. ऑडिट असलं किंवा मुलीचा निकाल असला की पोट बिघडतं. तेव्हा आदल्या दिवशी काय खाल्लं ते मी आठवत बसत नाही.

मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरची शेजारीण तसाच एक रंगीत रिपोर्ट घेऊन आली. तिच्या लाल यादीत गहू, दूध, बदाम आणि टोमॅटो. म्हणाली, "उद्यापासून सगळं बंद करतेय." मी तिला म्हटलं, पोळी इतक्यात सोडू नका, आधी डॉक्टरांना विचारून टीटीजी करून घ्या आणि हा कागद बाजूला ठेवा. ती म्हणाली, "अहो, पण त्याचे पैसे भरलेत ना मी."

भरले तर मीही होते. चहा करायला उठले आणि दूध घालू का विचारलं. ती जरा थांबली, मग म्हणाली, अर्धा कप.